विश्लेषण : लाखभर किलोमीटर धावलेली जुनी पोर्शे घ्यावी का?

नव्या गाडीच्या निम्म्या, कधी तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत पोर्शे, बीएमडब्ल्यू एम किंवा मर्सिडीज एएमजी दारात उभी करता येते, अशा जाहिराती रोज मोबाइलवर दिसतात. त्यातल्या सर्वांत स्वस्त गाड्यांच्या मीटरवर ७०-८० हजार किंवा लाखभर किलोमीटर नोंदलेले असतात. जुनी सेदान घेताना ज्या चुका खपून जातात, त्याच चुका येथे काही लाखांना पडतात. मात्र जास्त धावलेली प्रत्येक गाडी वाईट आणि कमी धावलेली प्रत्येक गाडी चांगली, हे समीकरणही खरे नाही. पोर्शेचे उदाहरण समोर ठेवून या व्यवहाराचा हिशेब समजून घेऊ.

अशा गाड्या इतक्या स्वस्त का होतात?

पोर्शे ९११, केमन, बॉक्स्टर या गाड्या भारतात पूर्णपणे तयार स्वरूपात आयात होतात. त्यांच्यावरील आयात शुल्क वर्षानुवर्षे शंभर टक्क्यांच्या घरात राहिले. त्यावर वस्तू व सेवा कर, त्यावर राज्याचा रस्ता कर आणि विमा. म्हणजे पहिल्या मालकाने मोजलेल्या रकमेतील मोठा भाग गाडीचा नव्हे, तर करांचा असतो. तो पैसा शोरूमबाहेर पडताच विरघळू लागतो.

दुसरे कारण ग्राहकवर्गाचे. ज्याच्याकडे कोटभर रुपये आहेत, तो बहुधा नवी गाडी घेतो. ज्याच्याकडे ४० लाख आहेत, त्याला दुरुस्तीची धास्ती वाटते. त्यामुळे हमी संपली आणि मीटर ५० हजारांच्या पुढे गेले, की गिऱ्हाईक झपाट्याने कमी होते. किंमत पडते ती गाडी निकामी झाली म्हणून नव्हे, घेणारे घाबरतात म्हणून. ही भीती कुठे रास्त आणि कुठे अनाठायी, हे ज्याला ओळखता येते, त्याचाच या बाजारात फायदा होतो.

किलोमीटर जास्त म्हणजे इंजिन झिजलेले?

नेहमीच नाही. मीटर अंतर मोजते, इंजिनाचे कष्ट मोजत नाही. एक गाडी मुंबईत अंधेरी ते नरिमन पॉइंट अशी ताशी २० किलोमीटरच्या सरासरीने धावली, तर ६० हजार किलोमीटरसाठी तिचे इंजिन ३,००० तास चालले. दुसरी पुणे-बेंगळूरु महामार्गावर ताशी ५० च्या सरासरीने धावली, तर तेवढ्याच अंतरासाठी इंजिन चालले १,२०० तास. मीटर दोन्हीकडे सारखेच, झीज मात्र अडीच पटींच्या फरकाची. क्लच, गिअर, ब्रेक, पंखा, एसीचा कॉम्प्रेसर यांनाही हेच लागू होते.

महामार्गावर इंजिन योग्य तापमानाला पोहोचते, ऑइल नीट फिरते, त्यात साचलेले पाणी आणि पेट्रोलचा अंश उडून जातो. रविवारी सकाळी चहापुरती चार किलोमीटर बाहेर काढून पुन्हा कव्हरखाली ठेवलेल्या गाडीच्या नशिबी हे येत नाही.

मग कमी चाललेली, उभी गाडी चांगली का नाही?

कारण रबर आणि ऑइल अंतराने जेवढे म्हातारे होते, तेवढेच काळानेही होते. दहा वर्षांत १५ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर दिसायला नवे असतात, पण रबर कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडी क्रमांक असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालातील २३ वा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर, नक्षी कितीही शिल्लक असो, २५०-३०० किमी वेग गाठू शकणाऱ्या गाडीला बदलावेत, हाच शहाणपणा.

ऑइल सील, कूलंटचे पाइप, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी, ब्रेक फ्लुइड या सगळ्यांचे तेच. ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत उभ्या गाडीचे कनेक्टर आणि अॅल्युमिनियमचे भाग लवकर गंजतात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगचा खर्च तर वेगळाच. अशी ‘कमी चाललेली’ गाडी रोज वापरात आणली, की पहिल्या सहा महिन्यांत एकेक सील पाझरू लागते. त्यामुळे दर वर्षी आठ-दहा हजार किलोमीटर धावलेली आणि वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी अनेकदा अधिक भरवशाची ठरते.

मीटर मागे फिरवले आहे का, हे कसे ओळखायचे?

महागड्या गाड्यांत हा धोका जास्त, कारण मागे फिरवलेल्या प्रत्येक दहा हजार किलोमीटरला काही लाखांचा भाव असतो. सुदैवाने पोर्शेचा इंजिन संगणक किलोमीटरव्यतिरिक्त इंजिन किती तास चालले, याचीही नोंद ठेवतो. ही नोंद कंपनीच्या निदान यंत्रावर दिसते.

हिशेब सोपा आहे. मीटरवरील किलोमीटरला तासांनी भागायचे. मीटर २५ हजार दाखवत असेल आणि तास २,५०० असतील, तर सरासरी वेग ताशी १० किलोमीटर येतो. कायम वाहतूक कोंडीत अडकलेल्या गाडीचाही एवढा कमी येणे कठीण. शंका घ्यायला एवढे पुरेसे आहे. त्याखेरीज सर्व्हिसची जुनी बिले, विम्याच्या नूतनीकरणावेळची तपासणी, पीयूसीच्या नोंदी आणि टायर-ब्रेक बदलल्याच्या तारखा एकापुढे एक मांडल्या, की मीटरचा आकडा कुठे उलटा गेला ते उघडे पडते.

याच संगणकात आणखी एक मोलाची नोंद असते. इंजिन ठरलेल्या आरपीएमपलीकडे किती वेळा गेले, याची. नव्या पिढ्यांत तिचे सहा टप्पे असतात. पहिले टप्पे गाडी जोमाने चालवल्याचे लक्षण, त्यात वावगे काही नाही. चौथ्या ते सहाव्या टप्प्यातील नोंदी मात्र सहसा मॅन्युअल गाडीत चुकून खालचा गिअर पडल्याने होतात. असा प्रसंग इंजिनाच्या कितव्या तासाला घडला, हेही त्यात दिसते. तो हजार तासांपूर्वीचा असेल आणि इंजिन आजही ठणठणीत असेल, तर काळजी कमी. मागच्याच महिन्यातला असेल, तर गाडी सोडून द्यावी. विक्रेता हा अहवाल काढूच देत नसेल, तर त्याचा नकार हेच उत्तर समजावे.

कोणत्या पिढीचे दुखणे काय?

जुन्या पोर्शेबाबत सर्वाधिक चर्चा होते ती इंटरमीजिएट शाफ्टच्या बेअरिंगची. १९९७ ते २००८ या काळातील बॉक्स्टर, केमन आणि साध्या ९११ गाड्यांच्या इंजिनात हे बेअरिंग असते. ते तुटले तर सारे इंजिनच निकामी होऊ शकते. २००० ते २००५ या काळातील एकेरी रांगेचे बेअरिंग सर्वाधिक बदनाम. पुढे ते मोठे केले गेले आणि तक्रारी घटल्या. त्या काळच्या जीटी३ आणि टर्बो गाड्यांचे इंजिन वेगळ्या घराण्याचे, त्यात हा दोष नव्हता.

याच पिढीच्या मोठ्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचा दुसरा विकार आढळतो. ऑइल जास्त पिणे, इंजिनातून टकटक येणे, सायलेन्सरच्या दोन तोंडांपैकी एकच काळेकुट्ट असणे ही त्याची लक्षणे. सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा सोडूनच त्याची खात्री करता येते. २००९ च्या मॉडेलपासून इंजिन नव्याने घडवले गेले आणि ते बेअरिंग कायमचे गेले. पीडीके हा दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही तेव्हाच आला. म्हणून पहिल्यांदाच जुनी पोर्शे घेणाऱ्याने शक्यतो २००९ नंतरचीच पाहावी. पीडीके टिकाऊ मानला जातो, पण त्याचे ऑइल मुदतीत बदलल्याचा पुरावा हवाच. तो बिघडला तर अनेकदा अख्खा गिअरबॉक्स बदलण्याची वेळ येते.

नवी पिढी म्हणजे निर्दोष असेही नाही. २०१४ मध्ये इंजिनाला आग लागण्याच्या घटनांनंतर पोर्शेने ९११ जीटी३ च्या जगभरातील ७८५ गाड्यांची इंजिने बदलून दिली होती. म्हणून चेसिस नंबर देऊन कंपनीच्या परत बोलावणीची कामे पूर्ण झाली आहेत का, हे विचारून घ्यावे. इतरांचीही अशी प्रसिद्ध दुखणी आहेत. २००७ ते २०१३ दरम्यानच्या व्ही८ इंजिनाच्या बीएमडब्ल्यू एम३ मध्ये कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजतात, तर सुरुवातीच्या ६.२ लिटर एएमजी इंजिनांत हेड बोल्ट तुटण्याच्या तक्रारी आल्या. गाडी पाहायला जाण्यापूर्वी त्या मॉडेलचे दुखणे माहीत असणे, हीच निम्मी तपासणी.

प्रत्यक्ष तपासणीत काय पाहावे?

गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पाहावी. आधीच तापवून ठेवलेली गाडी बरेच काही लपवते. सुरू होतानाची खरखर, निळसर धूर, इंजिन लाइट वेळेवर विझतो का, हे टिपावे. तो दिवा सुरुवातीला लागलाच नाही, तर तो काढून टाकलेला असू शकतो.

लिफ्टवर चढवून खालून पाहणे आवश्यक. आपल्याकडचे गतिरोधक आणि खड्डे यांनी खालचे आवरण, ऑइल पॅन, बुश आणि मॅगव्हील यांना मार बसलेला असतो. ९११ आणि बॉक्स्टरचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात. तेथे पाने, चिखल, प्लास्टिक अडकून ते पावसाळ्यागणिक गंजत जातात. बंपरच्या जाळीतून टॉर्च मारला तरी कळते. ब्रेक कॅलिपर पिवळे असतील, तर डिस्क सिरॅमिकच्या असण्याची शक्यता मोठी. वजन हलके, आयुष्य मोठे, पण एका संचाचा खर्च लाखांत. कडेला टवका उडालेला नाही ना, हे बोटाने नव्हे, जाणकाराकडून तपासावे.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत, २०१५ च्या पुरानंतर चेन्नईत अशा गाड्या मोठ्या संख्येने लिलावात गेल्या आणि डेंटिंग-पेंटिंग होऊन इतर शहरांत विकल्या गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीचा डाग शोधावा, सीटखालचे रूळ आणि बोल्ट गंजलेत का पाहावे, दिव्यांच्या आत धुके आहे का बघावे. अत्तराचा घमघमाट येत असेल, तर गालिचा उचलून पाहायलाच हवा.

या सगळ्यासाठी विक्रेत्याचा नव्हे, स्वतःचा माणूस न्यावा. अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा त्या ब्रँडचा जाणकार स्वतंत्र मेकॅनिक. त्याचे शुल्क किमतीच्या मानाने नगण्य असते. कंपन्यांच्या अधिकृत जुन्या गाड्यांचा मार्गही आहे. पोर्शेच्या या योजनेत १११ मुद्द्यांची तपासणी आणि किमान वर्षभराची हमी मिळते. किंमत खुल्या बाजारापेक्षा जास्त असते, पण ती जास्तीची रक्कम प्रत्यक्षात विम्याचे काम करते.

परराज्यातील पासिंगची गाडी स्वस्त का असते?

रस्ता करामुळे. महाराष्ट्रात आयात केलेल्या आणि कंपनीच्या नावावरील गाड्यांना २० टक्के एकरकमी कर आहे. त्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली. त्यामुळे कमी कर असलेल्या राज्यांचे, विशेषतः पुदुच्चेरीचे पासिंग असलेल्या कितीतरी महागड्या गाड्या इतर शहरांत फिरताना दिसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी आणि येथील कर भरणे आले. मूळ राज्यातील कराचा परतावा मागता येतो, पण तो पदरात पडेपर्यंत खेटे घालावे लागतात. २०२५ च्या सुरुवातीला बेंगळूरुत परिवहन विभागाने कर न भरलेल्या परराज्यातील अनेक आलिशान गाड्या जप्त केल्या होत्या. त्यांत पोर्शे आणि फेरारीही होत्या. म्हणजे जाहिरातीत पाच लाखांनी स्वस्त दिसणारी गाडी कर भरल्यावर महागच पडू शकते.

दिल्लीकडील गाड्यांचे भाव वेगळ्या कारणाने पडतात. तेथे १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरील निर्बंधांमुळे मालक मुदतीआधीच विकायला निघतात. गाडी चांगली असू शकते. अट एकच, एनओसी वैध हवी.

आयातीची कागदपत्रेही तितकीच महत्त्वाची. सर्वसाधारण नियमानुसार तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी देशात आणता येत नाही आणि वापरलेल्या गाड्यांची आयात मुंबई बंदरातूनच करावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये भूतानमार्गे कर चुकवून आणल्याच्या संशयावरून सीमाशुल्क विभागाने केरळात अनेक गाड्या ताब्यात घेतल्या. तेव्हा अडचणीत आले ते त्या वेळी गाडी बाळगणारे. परदेशी बनावटीच्या जुन्या गाडीसोबत मूळ बिल किंवा आयातीची नोंद नसेल, तर भावाची बोलणीही करू नयेत.

मालकी हस्तांतरात घोळ कुठे होतो?

पैसे दिले, चावी घेतली, ‘नाव नंतर करू’ असे ठरले, येथेच. कायद्यानुसार त्याच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नमुना २९ आणि ३० हे त्याचे अर्ज. कर्ज फिटले असले तरी आरसीवरील बँकेचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. तो न घेता व्यवहार पूर्ण करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की आरसीवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारीही त्याचीच. म्हणून हस्तांतराची घाई दोघांनाही हवी.

कागदाकडे दुर्लक्ष किती महागात पडते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोघांचा बळी घेणाऱ्या पोर्शेची कायम नोंदणीच झालेली नव्हती. १,७५८ रुपयांचे शुल्क भरायचे राहिले होते.

‘एम परिवहन’ अॅपवर नोंदणी, विमा, पीयूसी आणि थकलेली चलने दिसतात. आरसीवरील चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरील नंबरशी स्वतः ताडून पाहावेत. बदललेला सायलेन्सर, वाढवलेली इंजिन शक्ती यांचे कौतुक करण्याआधी कलम ५२ आठवावे. नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारे बदल बेकायदा ठरतात आणि विम्याचा दावाही अडू शकतो.

खर्चाचे खरे गणित काय?

उदाहरण घेऊ. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आहेत. एक २० हजार किमी चाललेली, ६० लाखांना. दुसरी ८० हजार किमी चाललेली, ४५ लाखांना. दुसरीचे टायर, ब्रेक, बुश, सर्व ऑइल आणि प्लग बदलायला समजा सहा-सात लाख गेले, तरी आठ लाख हाताशी उरतात. शिवाय दोन्ही तीन वर्षांत ३० हजार किमी चालवल्या, तर पहिली ‘कमी चाललेली’ हे बिरुद गमावते आणि तिचा भाव जोरात उतरतो. दुसरीचा भाव आधीच बराच उतरलेला असतो. गाडी खरोखर चालवणाऱ्यासाठी जास्त किलोमीटरची गाडी अर्थशास्त्राच्या दृष्टीने शहाणपणाची ठरते. अट एवढीच, की ते सहा-सात लाख खरेदीच्या दिवशी बाजूला ठेवलेले असावेत.

घोळ होतो तो येथेच. गाडीची किंमत निम्मी होते, सुट्या भागांची होत नाही. ४५ लाखांत घेतलेल्या गाडीचा हेडलाइट दीड कोटीच्या गाडीचाच असतो आणि त्यावर आयात शुल्कही लागते. सगळी शिल्लक ओतून, वर जास्त व्याजाचे कर्ज काढून गाडी घेतली, की पहिल्या मोठ्या बिलाला ती गॅरेजमध्येच अडकून पडते. तीच गाडी मग आणखी स्वस्तात पुढच्या गिऱ्हाइकाला विकली जाते.

विम्यातही फरक पडतो. पाच वर्षांपर्यंत गाडीचे विमामूल्य ठरलेल्या घसाऱ्याने निघते, त्यापुढे ते कंपनी आणि ग्राहक यांच्यात ठरते. घसारा न कापणारे संरक्षण जुन्या गाडीला सहज मिळत नाही. म्हणजे छोट्या अपघातातही खिशातून बरेच जाते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. गाडी १५ वर्षांची झाल्यावर आयात गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ४० हजार, तर २० वर्षांनंतर ८० हजार रुपये आहे. आणि आता पंपावर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिश्रित असते. २०२३ पूर्वीच्या गाडीचे इंधन पाइप आणि सील त्याला चालतात का, हे सर्व्हिस सेंटरकडून विचारून घ्यावे.

मग निर्णय कसा घ्यावा?

तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तर जास्त किलोमीटरच्या आकड्याला घाबरू नये. सर्व्हिसची सलग बिले आणि इंजिन संगणकाचा अहवाल हातात आहे का? आरसी, एनओसी, कर आणि बोजा यांचे कागद स्वच्छ आहेत का? आणि खरेदीनंतर गाडीच्या किमतीच्या किमान १५ टक्के रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला राहते का? यातील एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर मीटरवर २० हजारच असले, तरी ती गाडी महाग आहे. विक्रेता ‘आजच टोकन द्या, उद्या गिऱ्हाईक येतंय’ म्हणाला, तर येऊ द्यावे. पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी बाजारात येतेच.